मानाचं मुंडकं

२६ मार्च
गावाला अखेर अक्कल आली. यंदा छिंगमिंगला, पितरांच्या सणाला, आमच्या क्वाँग घराण्याच्या पूर्वजांपुढे स्तुतिपाठ मी वाचणार! वाचणाऱ्याला भाजलेल्या डुकराचं मुंडकं मिळतं. बाबा जन्मभर वाट बघत गेले, आमच्या घरात ते कधी आलं नाही. नव्वदीच्या आईला सांगितलं. म्हणाली, माळ्यावरचं मोठं ताट काढ. थोडी रडली. मीही.
संकल्प: रोज दोनदा मोठ्याने सराव.

२८ मार्च
सराव राहिला. पूर्वजांच्या देवळात चक्कर टाकली. सगळा आनंदीआनंद. ढोलवाल्याला ताल शिकवला. फटाक्यांच्या माळा बांधणाऱ्याच्या गाठी सोडून परत मारून दिल्या. घराण्यातले वडीलधारे सातवे आजोबा म्हणाले, अरे, तुझं काम एक पान वाचायचं आहे. म्हटलं, आजोबा, जन्म सरकारी कोठारात निरीक्षक म्हणून गेला, नजर आपोआप जाते.

१ एप्रिल
आचारी फाय. आमच्याच घराण्यातला, दुर्दैवाने. कित्येक वर्षं तोच डुक्कर भाजतो, आणि कित्येक वर्षं चुकीचं भाजतो हे फक्त माझ्या लक्षात आलंय. मंद आच, तासन्‌तास. शुद्ध आळस! म्हटलं, आधी जाळ मोठा कर. तर म्हणतो, दादा, तुम्ही तुमचं पान पाठ करा की. उद्धट.
आजोबांनीही टोमणा मारलाच: पूजेची भांडी ओलांडून आचाऱ्याच्या जागी घुसलेल्या त्या जुन्या म्हणीतल्या पुजाऱ्याचा. तो पुजारी अडाणी असणार. मला स्वयंपाकातलं कळतं.
सराव उद्यापासून नक्की.

४ एप्रिल
सराव: अर्धं पान. मग फायला मसाल्याचं सांगायला जावं लागलं. बायको म्हणते, पाठाचा झगा इस्त्री करून ठेवलाय, तो घालून चुलीकडे फिरकू नका म्हणजे झालं. मी काय कुक्कुलं बाळ आहे?

५ एप्रिल, पहाटे
झगा घातला. रुबाबदार दिसतो. चुलीकडे नुसता डोकावून येतो.

५ एप्रिल, सकाळी
फायने हातातलं फडकं माझ्या खांद्यावर टाकलं. म्हणाला, घ्या, तुम्हीच भाजा. आणि वडाखाली सिगारेट ओढत बसला. बरी ब्याद गेली. जाळ वाढवलाय. आता बघा म्हणावं.

५ एप्रिल, संध्याकाळी
लाकडं ओली होती. डुकरातही खोट होती. कातडी कोळसा झाली. झग्यावर चरबी, तोंडाला काजळी, आणि तेवढ्यात घंटा वाजली. धावलो. आजोबांनी उंबऱ्यातच अडवलं: हा अवतार घेऊन पूर्वजांपुढे जाणार? जा, डुक्कर खरवड. आणि पान दिलं फायच्या हातात! का, तर तो रिकामा होता आणि त्याचे कपडे स्वच्छ होते.
अडखळला, दोन ओळी गाळल्या. लोक खूश: यंदा लवकर उरकलं! असले लोक. मी भिंतीमागे सुरीने काळं खरवडत ऐकत होतो. त्याने बाबांचं नाव वाचलं, तेव्हा हात थांबला.
मग वाटप. रीत अशी की वाचणाऱ्याला मुंडकं आणि भाजणाऱ्याला आतडी. आजोबांनी रीत पाळली.

६ एप्रिल
काल आई ताट मांडीवर घेऊन दारातच बसली होती. पिशवीत डोकावली. मग म्हणाली, मीठ चोळून धू. धुतली. फायने कधी धुतली नसतील इतकी स्वच्छ. आईने परत धुवायला लावली.
आज म्हणाली, ताट फायकडे नेऊन दे, त्यांच्याकडे एवढं मोठं नसेल. म्हटलं, राहू दे, पुढच्या वर्षी लागेल. तिने ताट माझ्या हातात ठेवलं.
नेऊन दिलं. फायची बायको मुंडकं चुकीच्या बाजूने कापत होती. काही बोललो नाही.