ताटं तू फिरवली होतीस

मनांग ऑरिंग,

ग्रीनकार्ड मंजूर झालं. मुलाखतीत इमिग्रेशनच्या साहेबांनी विचारलं, "टुरिस्ट व्हिसावर आलात, तेव्हाच इथे लग्न करून राहायचं ठरवलं होतं ना?"

म्हटलं, "नाही हो. इलोइलोला भरल्या ताटावरून उठून विमानतळावर निघाले, तेव्हा थोरल्या बहिणीने, माझ्या मनांगने, सगळ्यांची ताटं जागच्या जागी गोल फिरवली. निघालेलं माणूस सुखरूप परतावं म्हणून आमच्या फिलिपिन्समध्ये फिरवतात. मी परतले की आजारी बाबांना माझ्यावर सोपवून ती हाँगकाँगला कामाला जाणार होती."

साहेबांना पटलं.

तू मात्र फोनवर म्हणालीस, "बाबांना माझ्या गळ्यात मारायचं तुझं आधीच ठरलं होतं!"

हे पत्र पाठवणार नाही; तूही पुरावा मागशील. परक्याला पटलं गं, मनांग. आणि ताटं तर तू फिरवली होतीस.

खरंच परतणार होती ती,
लिगाया