नियमित श्रोत्याचं अक्षर

तीर्थरूप मावशीस,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा तूर्त अर्धाच स्वीकारावा; उरलेला उतार पडल्यावर पाठवीन.) तुझा गुडघा कसा आहे? तुझी लेक फोनवर म्हणाली की गुडघा ठणठणीत आहे, फक्त जावयासमोर दुखतो. म्हणजे प्रकृती उत्तम दिसते.

पत्रास कारण मामा. त्याचं रेडिओ केंद्र पुढच्या महिन्यात वीस वर्षांचं होतंय, परवान्याच्या नूतनीकरणाचा फॉर्म येऊन पडलाय, आणि तुझा हा धाकटा भाऊ त्यावर सही करायला तयार नाही. "ऐकतंय कोण?" एवढंच म्हणतो आणि डोळ्याला भिंग लावून घड्याळात डोकं घालतो. केंद्राचा इतिहास वाचून तरी मन बदलेल म्हणून मी लिहायला बसलो. आता इतिहास म्हटला की आधी राज्याच्या सीमा सांगाव्या लागतात. आपली पूर्वसीमा म्हणजे बेकरी. काउंटरवर स्वच्छ ऐकू येतं, आत भट्टीपाशी नुसती खरखर. (त्यामुळे बेकरीवाला बातम्यांना बाहेर येतो आणि पाव करपतात.) राजधानी म्हणजे दुकानावरची खोली. तिथे दुरुस्तीला आलेली तीस घड्याळं टांगलेली आणि एकाचं दुसऱ्याशी पटत नाही. म्हणून मामा रोज सकाळी गंभीर आवाजात जाहीर करतो, "आत्ता साधारण सात वाजले आहेत." घड्याळजी असून 'साधारण' म्हणायला छाती लागते, मावशी.

पण माणूस मोठा आहे. कोपऱ्यावरच्या शिंपीदादांची वाचा अर्धांगाने गेली, तेव्हा मामाने 'सावकाश बातम्या' सुरू केल्या. नळाला पाणी कधी येणार, दवाखान्यात डॉक्टर आहेत की नाहीत, सगळं एकेक शब्द सुटा करून, दोनदा. शिंपीदादा घरात बसून मागून म्हणायचे. अख्खी गल्ली वैतागली. बेकरीवाला म्हणाला, पाणी येऊन जातं तरी याची बातमी संपत नाही. मामा हटला नाही. आठ महिन्यांनी शिंपीदादा जिना चढून वर आले, माईकसमोर बसले आणि म्हणाले, "आत्ता... साधारण... सात..." मी तिथेच होतो. मला रडू आवरलं नाही, आणि तेही प्रसारित झालं. गेल्या वर्षी शिंपीदादा गेले. मामाचं "ऐकतंय कोण" तेव्हापासूनचं आहे.

तर या इतिहासासाठी जुनी कागदपत्रं उपसताना रेडिओ मेकॅनिकची वही हाती लागली आणि माझी बोबडी वळली. केंद्र सुरू होऊन चौदा महिने झाल्यावरची नोंद आहे: 'पंखा दुरुस्त केला. अँटेनाची वायर लोंबत होती, ती जोडली.' वायरला बांधलेली चिठ्ठीही त्याने वहीत टाचून ठेवलेली, मामाच्याच अक्षरात: 'जोडायची आहे'. (सुट्या भागाला चिठ्ठी बांधायची त्याची शिस्त तुला माहीत आहेच. भाग विसरतो, चिठ्ठी विसरत नाही.) म्हणजे चौदा महिने आपलं केंद्र त्या खोलीबाहेर गेलंच नव्हतं! मामाचा स्वतःचा रेडिओ त्याच टेबलावर, त्यामुळे त्याला मात्र खणखणीत ऐकू यायचं. मेकॅनिक भला माणूस. गुपचूप जोडून निघून गेला.

आणि मग मावशी, त्याच चौदा महिन्यांतली एकसष्ट पत्रं सापडली, खाली सही 'एक नियमित श्रोता'. कार्यक्रमांची तारीफ, उच्चारांच्या चुका, शिंक आली तर माईकपासून तोंड वळवावं अशी सूचना, सगळं अचूक. न झालेल्या प्रसारणाचा हा श्रोता कोण, या विचाराने दोन दिवस जेवण गोड लागेना. शेवटी तेविसावं पत्र उघडलं: 'काल आपली खिडकी बंद असल्याने कार्यक्रम नीट ऐकू आला नाही.' मामाच्या खिडकीसमोर, गल्लीपलीकडे, तेव्हा एकच स्वयंपाकघर होतं. तुझं. आणि असा पोट पुढे काढून चालणारा 'र' आपल्या घराण्यात दुसरं कोणी काढत नाही. मामाने मात्र ती तांत्रिक सूचना समजून आजतागायत खिडकी उघडी ठेवली आहे. थंडीत आम्ही कानटोप्या घालून बातम्या देतो. मी तुझ्यावर रागावणार होतो, पण पत्रं वाचता वाचता तो विचार सोडून दिला.

तुझा आज्ञाधारक (सोयीप्रमाणे),
भाचा

ता. क. खरं काम हे: एक पत्र पाठव. 'नियमित श्रोता' म्हणूनच, आणि या महिनाअखेरच्या आत, कारण फॉर्मची मुदत तीच आहे. तिकडे ऐकू येत नसलं तरी चालेल, पूर्वी तरी कुठे येत होतं?

ता. क. २. वायरचं मामाच्या कानावर जाता कामा नये, खचेल बिचारा. इतिहासात मी 'आरंभीच्या किरकोळ तांत्रिक अडचणी' एवढंच घातलंय. कंबरेमुळे माझ्याने पोस्टापर्यंत जाववत नाही, म्हणून पत्र त्याच्याकडेच देतोय. पाकीट डिंकाने घट्ट चिकटवलंय.

ता. क. ३. ताई, घड्याळाची पाठ उघडणाऱ्याला पाकीट म्हणजे काय? वायरचं मेकॅनिकने मला त्याच दिवशी सांगितलं होतं. आणि तुझं अक्षर मी ओळखणार नाही? माझा गृहपाठ कोण लिहायचं? तरी मी रोज बोलत राहिलो, कारण तू ऐकत होतीस. तू तिकडे गेल्यावर शिंपीदादा होते. आता समोर कोण आहे ते कळत नाही. पत्र लिही, म्हणजे मी सही करतो. आणि मला कळलंय हे भाच्याला सांगू नकोस, खचेल बिचारा.