हा लखोटा मी जिवंत असतानाच उघडावा

मी, डॉ. श्याम चंद्रभान खेरडे, वय ४७, व्यवसाय नेत्रचिकित्सा, राहणार वरूड, जिल्हा अमरावती, पूर्ण शुद्धीत आणि, खरे लिहायचे तर, जरा जास्तच आनंदात हे मृत्युपत्र लिहीत आहे. मला कोणताही आजार नाही. कोणाचा दबाव नाही. पत्नी आरतीचा आहे, पण तो फक्त अक्षर नीट काढण्याबाबत.

कारण सांगतो. शेंदूरजनाघाटच्या डोमाजींना मीच म्हणालो होतो, "नेत्रदान करायचं ना, मग मृत्युपत्रात लिहून ठेवा." त्यांनी लिहिले. मुलांनी लखोटा तेरवीनंतर उघडला. डोळे सहा तासांच्या आत घ्यावे लागतात. एकोणीस वर्षे हाच धंदा करून मला एवढे सुचले नाही. म्हणून हे मृत्युपत्र आज, जेवणानंतर, मी स्वतः घरच्यांना वाचून दाखवणार आहे.

कलम १. राहते घर व दवाखाना आरतीला. तिला पाहायला अकोल्याच्या जुन्या शहरात गेलो तेव्हा आईने माझा चष्मा खिशात ठेवायला लावला. मला समोर दोन पिवळे डाग दिसले. त्यांतल्या एकाचा आवाज आवडला, होकार दिला. डाग बरोबर निघाला, याचे मला आजही नवल वाटते.

कलम २. बँकेतील ठेवी व माझ्या बावीस डायऱ्या मुलगी खुशीला. डायऱ्या तिने चाळिशीनंतर वाचाव्यात. तिच्या बारशाच्या पानावर "नाक माझ्यावर गेले आहे, क्षमस्व" असे लिहिले आहे. ते मी मागे घेतो.

कलम ३. दवाखान्यातील अक्षरांचा जुना तक्ता ट्रॅक्टरवाले बुधाजी यांना. लायसन्ससाठी त्यांनी तो घडाघडा म्हटला. मी दाखल्यावर सही केली. ते गेल्यावर लक्षात आले की कंपाउंडर नत्थुजींनी सकाळीच भिंतीवर नवा तक्ता लावला होता. बुधाजी जुना म्हणत होते आणि मीही जुनाच मनात धरून मान डोलावत होतो. स्कूटरवर पाठलाग करून कागद परत घेतला. चूक दोघांची, धाप एकट्याला.

कलम ४. मेहुणे अश्विन यांना काहीही नाही. घरात डॉक्टर असून त्यांनी चष्मा मोबाइलवरून मागवला.

कलम ५. संत्र्याची चाळीस झाडे आई कौशल्या हिला. (खोडले. कारण पुरवणीत.)

कलम ६. माझे डोळे, मिळतील त्या दोघांना. फॉर्म भरला आहे. पण ऐनवेळी फोन घरच्यांनी करायचा असतो आणि या घरात आईच्या शब्दाशिवाय कोणी फोन उचलत नाही. तिने हो म्हणावे, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप.

पुरवणी. वाचन झाले. कलम सहाला आई म्हणाली, "पुढच्या जन्मी आंधया होशीन! अन् तुह्या नंबर साडेसहा. घेणारा बिचारा जलमभर चष्मा शोधत फिरन."

"आई, नंबर जात नाही. वरचा पारदर्शक पडदा तेवढा जातो."

तिने पडद्याचे सोडून दिले. मग एकदम, "थे झाडाचं काय वाचलं? माह्या नावानं काहून ठेवले?"

"माझ्यानंतर तुला..."

"तुह्यानंतर मी? खोड थे!"

मी कायद्याचे सांगू लागलो. तिने पेन हिसकावून स्वतःच आडवी रेघ मारली. आरती हसून म्हणाली, "आता आईंना काहीच मिळत नाही, म्हणजे त्या साक्षीदार होऊ शकतात."

"आन मंग," आई म्हणाली. "अन् माह्या फारमबी आन. आंधी माह्ये डोये जातीन, मंग तुह्ये. लाइन मोडाची नाई."

"आणि पुढचा जन्म?"

"दोघंबी आंधये. हात धरून राहू."

झाडे आता आरतीकडे जातील. बाकी सर्व वरीलप्रमाणे. क्रम मात्र आईने ठरवला तोच राहील, असा माझा प्रयत्न राहील.

वरूड, रविवार, १२ जानेवारी २०२५

सही: श्याम चंद्रभान खेरडे

साक्षीदार:
१. भावना ठाकरे, शेजारीण
२. कौशल्या चंद्रभान खेरडे, आई. मले काई नोको.