बशीतली कातडी

सांडोर, वसई
२ ऑगस्ट १९९८

चि. दिपिकास,
अनेक आशीर्वाद.

आम्ही सगळे खुशाल. आईचे गुडघे पावसात कुरकुरतात, पण वाडीत जायचं काही ती सोडत नाही. तुझं लग्न हा तिचा रोजचा विषय. मी सांगितलं, फ्रान्समध्ये केळीची वाडी असलेला मुलगा शोधायला वेळ लागणारच.

आता मुख्य बातमी. आपली क्रीम तयार झाली! कंपनी बंद पडल्यापासून वर्षभर पडवीत जे ढवळत होतो, तेच. कोरफड, काकडी, हळद. पहिल्या खेपेला बुरशी आली, म्हणून आता प्रिझर्व्हेटिव्ह जरा सढळ हाताने घालतो. नव्वद डब्या भरल्या. आचोळ्याच्या, मनवेलपाड्याच्या बायकांनीही नेल्या. शेजारच्या सेबॅस्टियनच्या मुलीचं, बेटीचं, लग्न दिवाळीनंतर आहे, ती तर सकाळ-संध्याकाळ लावते.

तुम्ही प्रयोगशाळेत माणसाची कातडी वाढवून तिच्यावर साबण, क्रीम तपासता ना? मग आपलीही तपास. आपल्या गावचा सिप्रियन जहाजावर रुजू व्हायला मार्सेयला निघालाय, तिथून तो डबी पोस्टात टाकील. तू पास केलीस की तसं डबीवर छापून घेतो.

लोभ आहेच, तो वाढता ठेव.
तुझा,
चंद्रहासदादा

लियों
२४ ऑगस्ट १९९८

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वाण्याच्या दुकानावर फोन केला होता. आवाज तुटत होता. क्रीम कुणाला देऊ नकोस, एवढंच ओरडून सांगितलं. ऐकू आलं का, कळलं नाही, म्हणून लगेच लिहायला बसले.

आमच्याकडची त्वचा म्हणजे काचेच्या बशीत वाढवलेल्या, आठ आण्याच्या नाण्याएवढ्या चकत्या असतात. प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंची परवानगी घेऊन उरलेल्या सहा चकत्यांवर तुझी क्रीम लावली. नंतर त्यांत एक द्रव घालतात. पेशी जिवंत असल्या तर चकती गर्द जांभळी होते. नुसतं पाणी लावलेल्या चकत्या जांभळ्या झाल्या. तुझ्या सहाही पांढुरक्या राहिल्या. मला वाटलं माझंच काही चुकलं, म्हणून पुन्हा केलं, दुसऱ्या कुणा बाईच्या पेशींपासून वाढवलेल्या त्वचेवर. तेच.

हळदीचा, कोरफडीचा दोष दिसत नाही. ते सढळ हाताने घातलेलं औषधच असावं. तू ते वजनावर मोजलंस की बुचाने? दादा, डब्या परत घे. बेटीला आजच सांग. डोळ्यांच्या आसपासची कातडी फार पातळ असते.

उत्तराची वाट बघते आहे. माया पातळ करू नकोस.
तुझी,
दिपी

सांडोर
९ सप्टेंबर १९९८

चि. दिपिकास,
आशीर्वाद.

पत्र मिळालं. फोनवर तुझं ओरडणं तेवढं ऐकू आलं होतं, शब्द एकही नाही. बुचाने मोजलं, लपवत नाही. पण दोन महिने मी रोज स्वतःच्या हाताला क्रीम लावतोय, साधी खाजसुद्धा नाही. मग मी खरा की तुझी बशीतली कातडी? तिच्यामागे ना रक्त, ना अंग. जिवंत माणसाचं अंग स्वतःला सावरतं, बशी काय सावरणार?

इतक्या बायकांकडे गेली, एकीचीही तक्रार नाही. आता दारोदार जाऊन सांगू, की माझ्या बहिणीने परदेशातून मला नापास केलं?

आईला पत्र वाचून दाखवलं. तिला क्रीमचं काही नाही. ती विचारते, ती बाय कोन, जिची कातडी घेतली? तिला दुखलं का?

तब्येतीला जप.
चंद्रहास

लियों
२१ सप्टेंबर १९९८

ती. दादास,
सा. न. वि. वि.

या वेळी तू नुसतं चंद्रहास लिहिलंस. दादा लिहायचं राहिलं, की गाळलंस?

आईला सांग, कुणाची कातडी मुद्दाम काढत नाहीत. ऑपरेशनमध्ये जी टाकूनच द्यायची असते, ती बायका सही करून देतात. नावं आम्हाला कळत नाहीत. एकीचं वय बेचाळीस होतं, एवढं त्वचेच्या डबीवर लिहिलेलं. मलाही आईसारखंच वाटतं, काम सुरू करण्याआधी मनातल्या मनात तिला नमस्कार करते.

आणि तुझा हात! तो वाडीत कुदळ मारतो. त्याची नि बेटीच्या गालाची बरोबरी करतोस? बशीत अंग नाही, खरं आहे. बशी चुकूही शकते. ती चुकलेली ठरली तर मी येऊन तुझ्यासमोर कान धरीन. पण ती लाजत नाही आणि कुणाला वाईट वाटेल म्हणून गप्पही बसत नाही. बायका बसतात.

फक्त एकदा बेटीकडे जा. उजेडात उभी करून तिचा चेहरा बघ. मला जेवण जात नाहीये.

रागाव, पण माझा दादा राहा.
दिपी

सांडोर
११ ऑक्टोबर १९९८

चि. दिपीस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

पत्र आलं त्याच दुपारी बेटीकडे गेलो. दाराआडूनच ती म्हणाली, बरं नाही, नंतर या. मी हटलो नाही. बाहेर आली ती तोंडाला जाड पावडर लावून. धुवायला लावली. डोळ्यांखाली लालभडक, हनुवटीला सालं सुटलेली. गेले तीन आठवडे जळजळत होतं. आग होते म्हणजे गुण येतोय, असं तिला वाटलं. आणि काकांनी एवढ्या हौसेने केलंय, त्यांना कसं सांगायचं, म्हणून ती गप्प राहिली. मी तिथेच ओट्यावर बसलो. सेबॅस्टियनने मला पाण्याचा तांब्या आणून दिला. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

डॉक्टर म्हणाले, वेळेवर थांबलं. डोळ्यांना काही नाही, डाग जातील. लग्न ठरल्या दिवशीच आहे.

तेव्हापासून सायकलवर फिरतोय. घराघरात स्वतः सांगतो, माझ्याकडून चूक झाली, डबी परत द्या. मनवेलपाड्यात आणखी दोघींना पुरळ निघालं, त्यांना डॉक्टरकडे नेलं. आचोळ्यात एकीने डबी माझ्या पायाशी फेकली. मी उचलली. सेबॅस्टियनने फादरना सांगून रविवारी चर्चमधल्या मिस्साच्या प्रार्थनेनंतर मला चार शब्द बोलू दिले. सगळी मंडळी वळून माझ्याकडे बघत होती, आणि मला फक्त बेटी दिसत होती.

तुझ्याकडची एक सोडून सत्त्याऐंशी डब्या परत आल्या. दोन कुठे गेल्या, पत्ता लागत नाही. कुणी कुणाला भेट दिल्या असतील. आता बाजारात भाजी विकताना मी बायकांच्या चेहऱ्यांकडे बघत राहतो. असं बघणं बरं दिसत नाही, परवा एक बाई रागावलीसुद्धा. तरी मान वर करून बघतोच.

पत्र लवकर लिही.
तुझाच,
दादा