मागच्या सीटवरून

प्रिय ताई,

हे पत्र तुझी लेक तुला वाचून दाखवणार, हे मला ठाऊक आहे. म्हणून आधी तिलाच सांगते: पोरी, गाडी सुटल्यासारखी धडाधड वाचू नकोस, आणि मावशीने तुझ्या आईला जिथे दटावलंय ती वाक्यं गाळू नकोस. मी नंतर फोनवर उलटतपासणी घेणार आहे.

ताई, मागे मी तुला फोनवर म्हटलं की चार दिवस आमच्याकडे ये, आपण नदीकाठी सायकलवर फिरू. त्यावर तू म्हणालीस, डोळे गेलेल्या बाईला नदीकाठी नेऊन करणार काय, मला तिथे काय मिळणार? मी दूध उतू जातंय म्हणून फोन ठेवला. गॅसवर दूधबीध काही नव्हतं. मला उत्तर सुचलं नाही, एवढंच. लहानपणापासून तू काही विचारलंस की मी निरुत्तर होते आणि मग आठवडाभर मनात उत्तरं जुळवत बसते. या वेळी आठवड्यापेक्षा बराच जास्त वेळ गेला.

आमच्याकडे सगळं ठीक आहे. हे रिटायर झाल्यापासून घरातली प्रत्येक बिजागरी तेल पिऊन गप्प झाली आहे, आता तेल घालायला फक्त मी उरले आहे. शिलाईचं दुकान चालू आहे, पण कामं कमी घेते. मान दुखते, आणि गिऱ्हाइकांना माप द्यायला आल्यावर श्वास रोखून धरायची सवय असते, मग कपडा घट्ट झाला की दोष माझा. दुकानाच्या समोरचा सायकलवाला मात्र अजून तसाच आहे, कळकट हात आणि मोठा आवाज. त्याच्या दुकानात माळ्यावर एक जोडसायकल टांगलेली होती. दोन सीट, दोन हँडल, पायडलच्या दोन जोड्या. कुणा हौशी जोडप्याने बनवून घेतली आणि भांडून परत आणून टाकली, असं तो सांगतो. ती मी खाली उतरवायला लावली. ह्यांनी विचारलं, कशाला? मी म्हटलं, तुम्हाला तेल घालायला.

आता रस्त्याचं सांगते, कारण तुझी भीती मला कळते. कोपऱ्यावर ती स्कूटर तुला घासून गेली तेव्हापासून तू दाराबाहेर पाऊल टाकलेलं नाहीस. चूक स्कूटरवाल्याची, कैद मात्र तुला, आणि तीही तुझी तूच सुनावलेली. (पोरी, हे गाळू नकोस.) जी बाई नर्स म्हणून अख्खी नोकरी सायकलवर फिरली, हँडलला औषधांची पिशवी अडकवून कुठल्या कुठल्या वाड्यावस्त्यांवर बाळंतपणं करून आली, ती आता खुर्चीतून स्वयंपाकघरापर्यंत जाते आणि म्हणते फिरणं झालं. तर ऐक. आमच्या नदीला पुराचं पाणी अडवायला मातीचा लांबच लांब बांध घातलेला आहे. वर बारीक खडी पसरली आहे, तीही पाणी खात्याच्या माणसांना चालत जाऊन पाहणी करता यावी म्हणून. तोंडाशी लोखंडी फाटक आहे, माणूस किंवा तिरकी केलेली सायकल जाईल एवढीच फट. मोटार नाही, स्कूटर नाही, हॉर्न नाही. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला दलदल, आणि जमीन अशी सपाट की चढ म्हणजे काय ते गुडघे विसरून जातात.

जोडसायकलवर मागे बसणाऱ्याला दिसतं काय? पुढच्याची पाठ. म्हणून पुढच्याने बोलायचं असतं, नाहीतर मागच्याचे हाल कुत्रा खात नाही. आता ह्यांचा स्वभाव तुला माहीत आहे. पहिल्या दिवशी निघताना ह्यांनी डावा पाय उचलला, मी उजवा, आणि आम्ही दोघं फाटकापाशीच लव्हाळ्यात. पुढे एक खड्डा आला, हे न बोलता त्यातून गेले, आणि माझी जीभ चावली गेली. तेव्हा मी कायदा केला: जे येईल ते मोठ्याने सांगायचं. खड्डा. डावं वळण. पायडल थांबव. समोर गाय. इतक्या वर्षांच्या संसारात हे माझ्याशी एवढं कधी बोलले नव्हते, ताई. परवा तर कुणी न विचारता म्हणाले, आज वारा बरा आहे. मी ते मनात जपून ठेवलं आहे.

आणि खडी! डांबरी रस्ता मुका असतो, खडी सारखी बोलते. चाकोरीत असलं की खालून बारीक चरचर येते, चक्कीत धान्य भरडल्यासारखी. सायकल मधल्या उंचवट्यावर गेली की तीच चरचर फुटते, खडे उडून पोटऱ्यांना लागतात. कडेला गेली की आवाजच जातो, कारण तिथे गवत आहे. आपण रस्त्यात नेमके कुठे आहोत ते बुडाखाली कळतं. थोड्या दिवसांनी हे म्हणायच्या आधी मीच सांगायला लागले, अहो, कडेला चाललात. त्यांना ते फारसं रुचलं नाही.

फाटक मागे पडलं की जरा वेळाने मोठ्या रस्त्याचा आवाज विरतो. मग उजव्या गालाला नदीचा गारवा लागतो आणि डाव्या गालाला दलदलीची ऊब, दोन्ही एकदमच. दलदलीचा वास सुरुवातीला नको वाटतो, कुजलेली पानं आणि ओला चिखल, पण पुढे त्यात कुठल्यातरी फुलांचा गोडसर वास मिसळतो आणि मग तो हवासा होतो. बदकं उडतात तेव्हा आधी कुणीतरी पाण्यावर भराभर पाय आपटल्यासारखा आवाज, मग पंखांचा, मग काहीच नाही. पंपघर यायच्या आधी त्याची घरघर हँडलमधून तळहातात येते. तिथला रखवालदार रोज तेच विचारतो, आज पडला नाहीत ना? पुढे लाकडी साकव आहे. त्याच्या फळ्या चाकाखाली अशा धडधडतात की हसूच फुटतं. साकवानंतर बांध वळतो आणि तोंडावरचं ऊन सरकत सरकत कानावर येतं. मग झाडांची ओळ, एकदम दंडावर गारवा, आणि वरून पाखरांची कचकच. आमचं परतायचं ठिकाण तेच. तिथे बसून आम्ही थर्मासमधला चहा पितो. चहा रोज थोडा गार झालेला असतो आणि तरीही घरच्यापेक्षा बरा लागतो.

ताई, आता मुद्द्याचं. वर हे जे सगळं लिहिलं, त्यातलं मी काहीही पाहिलेलं नाही. तुझ्या प्रश्नाला उत्तर द्यायला मला तोंड नव्हतं, कारण मला डोळे होते. म्हणून दुकानात उरलेल्या काळ्या अस्तराची दुहेरी पट्टी शिवली. फाटकापाशी डोळ्यांवर बांधायची, परत आल्यावर फाटकापाशीच सोडायची. बदकं काळी की पांढरी, मला माहीत नाही. रखवालदार भेटला तर मी त्याला आवाजावरूनच ओळखेन. गळ टाकून बसलेल्या एका म्हाताऱ्याने ह्यांना थांबवून विचारलं, बाईंना असं कुठे घेऊन चाललात? पोलीस यायचे बाकी राहिले. पहिल्या दिवशी मी त्या पट्टीत रडले, तुझी आठवण येऊन. नंतर मजा यायला लागली, त्या मजेची लाज वाटली, पुढे लाजही गेली. मला पट्टी सोडता येते आणि तुला येत नाही, हे मी विसरलेली नाही. तुझं दुःख मला कळलं असं मी म्हणणार नाही. तू विचारलं होतंस, मला तिथे काय मिळणार. ते मी जाऊन पाहून, म्हणजे न पाहून, आले. पुष्कळ मिळतं, ताई. आता मी पुढच्या सीटवर बसायलाही शिकले आहे, पण बांधावर नाही, फाटकाच्या अलीकडच्या मैदानात. मागे हे बसतात, पट्टी बांधून, आणि अधूनमधून डुलकी काढत असावेत, कारण पायडल एकदम जड होतं. तुझ्या कॅरिअरवर तुझ्या कमरेला घट्ट धरून मी गावभर हिंडले, म्हणून सगळे मला शेपूट म्हणायचे. कुठे नेतेस असं मी तुला कधी विचारलं नाही. तूही विचारू नकोस. सायकलवाल्याने मागच्या सीटसाठी तुझी उंची विचारली, तेव्हा मी माझ्या कानापाशी हात धरून दाखवला. तेवढी सीट त्याने बसवून दिली आहे, त्यामुळे ह्यांचे गुडघे आता हनुवटीला लागतात. रविवारी लेकीबरोबर निघ. येणार असशील तर फोन कर. नाही म्हणायचं असेल तर मात्र करू नकोस, माझ्या गॅसवर दूध आहे.

तुझीच,
शेपूट