माझ्या आतड्यातील घुसखोर

३ फेब्रुवारी
डॉ. यज्ञेश या पोरसवदा पोटविकारतज्ज्ञाने दुर्बिणीतून आतडे पाहून निदान केले: अल्सरेटिव्ह कोलायटिस. शौचातून रक्त पडते ते त्यामुळे. म्हणाला, "आजोबा, आतड्यात कोट्यवधी जिवाणू मुक्कामालाच असतात. बहुतेक निरुपद्रवी. पण तुमची प्रतिकारशक्ती त्यांनाच शत्रू समजून तुटून पडते आणि त्या मारामारीत आतड्याचं अस्तर सोलून निघतं."
म्हणजे, पंचाहत्तरीतही माझी प्रतिकारशक्ती प्रबळ आहे. एवढी चांगली बातमी इतक्या पडेल चेहऱ्याने का सांगावी? "आजोबा" ही सलगी नापसंत.

४ फेब्रुवारी
गोळ्यांनी म्हणे प्रतिकारशक्तीला लगाम घालायचा. चोर घरात असताना राखणदाराचे हात बांधणारा हा पहिलाच वैद्य! निश्चय: गोळ्या बंद. सुनेने, दीप्तीने, विचारले, "बाबा, गोळी घेतलीत ना?" होकार दिला. हातात घेतली होतीच.

७ फेब्रुवारी, सकाळ
दुहेरी मोहीम. राखणदाराला गुळवेलीचा काढा. घुसखोरांवर गतवर्षीच्या दाढदुखीतून उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या. आपण औषध कधी फेकत नाही, याचा आज अभिमान वाटला.

११ फेब्रुवारी
मुलुंडच्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचे चिटणीस गिल्बर्ट मिस्किटा आले. मराठी भाषा गौरव दिनी, सत्तावीस तारखेला, शुद्धलेखनावर माझे व्याख्यान आहे. या मानासाठी मी वर्षानुवर्षे थांबलो. बोलता बोलता मला दोनदा आत जावे लागले. मिस्किटा म्हणाले, "विद्याधरराव, बरं नाय तर सांगा ना. मी बोलेन थोडं."
डाव ओळखला. चहा न विचारता निरोप दिला.

१८ फेब्रुवारी
रक्त वाढले. शत्रूची मोठी हानी होत असावी. विजार सैल झाली. चिरंजीव मुकुल म्हणाला, "बाबा, आरशात बघा जरा. पार वाट लागलीय तुमची." असली भाषा या घरात चालणार नाही, असे बजावले. बजावून झाल्यावर भिंतीचा आधार घ्यावा लागला.

२६ फेब्रुवारी
उद्या उपवास. रिकाम्या पोटाला तक्रारीस जागाच उरत नाही.

२८ फेब्रुवारी, रुग्णालय
काल "उपस्थित सुज्ञ श्रोतेहो" एवढे म्हणालो आणि कळ आली. स्वच्छतागृहाकडे धावलो. दाराला आतून कडी. आतून आवाज आला, "थांबा ना! माणूस आहे आत!"
पुढील प्रसंग शुद्ध मराठीत लिहिता येण्यासारखा नाही.
मग घेरी. मिस्किटांनी स्वतःचा कोट माझ्या कमरेला गुंडाळून रिक्षात घातले. डॉ. यज्ञेश भडकला: "गोळ्या बंद केल्यात, आग वाढली. वर मनाने अँटिबायोटिक घेऊन तिथले चांगले जिवाणूही मारलेत!" शिरेतून स्टेरॉइड सुरू. मी पाणी मागितले. घसा कोरडा होता.

३ मार्च
रक्त थांबले. काढ्याचा गुण उशिरा दिसतो.
मिस्किटा भेटीला आले. म्हणाले, "विद्याधरराव, रविवारी परत कार्यक्रम ठेवलाय. शुद्धलेखनाला कोण येणार नाय, पण पोटाचा त्रास सगळ्यांनाच आहे. डॉक्टर भाषण देतील. तुम्ही बाजूला बसा, पेशंट म्हणून."
दीप्ती तोंडाला पदर लावून बाहेर गेली.
संमती दिली. अट एकच: खुर्ची स्वच्छतागृहाजवळची हवी.