माझी खाज शून्य दाखविल्याबाबत

प्रति,
मा. मुख्य वैद्यकीय अधिकारी,
श्रीमंत सगुणाबाई धर्मार्थ दवाखाना,
लष्कर, ग्वाल्हेर.

अर्जदार : सौ. द्वारकाबाई जयसिंहराव इंगळे, वय ७१, राहणार बिड़ला नगर.

विषय : पित्ताच्या दोन गोळ्यांच्या तुलनेत माझ्या नावापुढे ‘खाज शून्य’ लिहिल्यास हरकत, व ‘ब’ गोळी पुन्हा मिळण्याबाबत.

संदर्भ : दवाखान्याच्या फळ्यावरील आपला अहवाल, तसेच माझी पाठ, जी आपण अद्याप पाहिलेली नाही.

महोदय,

हा अर्ज मी स्वतःच्या हाताने लिहीत आहे. शाळा चौथीपर्यंत झाली, म्हणून अक्षर मोठे आहे. आपल्या औषधाच्या परच्यावरच्या अक्षरापेक्षा वाचायला सोपे जाईल.

सहा वर्षे माझ्या अंगावर पित्ताच्या गांधी उठतात. पाठ, मांड्या, कधी ओठ. तासाभरात एकीकडे मावळतात नि दुसरीकडे उठतात. टेंपोने महाराज बाड्याला, आपल्या दवाखान्यापर्यंत येईतो अंग साफ होते आणि आपण लिहिता, ‘पुरळ दिसले नाही.’ टेंपोतच काही औषध आहे असे समजून मी दोनदा उगाच फिरून आले. आमचे इंगळे लोक फौजेबरोबर दख्खनेतून इकडे आले. पाठ दाखवायची आमच्यात रीत नाही, पण गोळीसाठी मी तीही दाखवायला तयार आहे. आपणच मान वर करीत नाही.

जुलैत आपण तीस रुग्णांवर दोन गोळ्यांची तुलना केली. आधी दोन आठवडे ‘ब’, मग दोन आठवडे ‘अ’. गोळी न्याहारीनंतर घ्यायची आणि संध्याकाळी पाच वाजता खाज शून्य ते तीन यांपैकी किती, ते कागदावर भरायचे. ‘ब’च्या चौदाही दिवशी मी इमानाने एक भरला. चार-दोन गांधी राहायच्या, पण घर चालत होते. ‘अ’ घेतली की अकरा वाजता मान खाली पडे, ती दिवे लागेपर्यंत. पाच कधी वाजले ते मला माहीत नाही. चौदापैकी अकरा रकाने कोरे राहिले.

ते कोरे रकाने आपल्या कंपाउंडर बळवंतने शून्याने भरले. विचारले तर म्हणतो, “मावशी, झोपलेल्या माणसाला खाज कळते का? नाही ना? मग शून्यच.” हा हिशेब मला पटला. बिड़ला नगरची मिल बंद पडल्यापासून तिथेही एकदाही संप झालेला नाही. कारभार उत्तम चालला आहे, असा अहवाल बळवंतकडून लिहून घ्यावा.

फळ्यावर गोळ्यांची नावे लागली, ती नात गरिमाने वाचून दाखवली. ‘अ’ म्हणजे हायड्रॉक्सिझिन, ‘ब’ म्हणजे फेक्सोफेनाडीन. खाली लिहिले आहे की ‘अ’ सरस, आणि इतर लाभ म्हणून ‘रुग्ण शांत राहिले’. शांत कसे राहणार नाहीत? तीसजण घोरत होते. आता दवाखान्यात ‘अ’च मिळते. बाहेरून ‘ब’ आणायची तर आपल्या सहीची चिठ्ठी लागते, आणि चिठ्ठीवर आपण लिहून दिलेत, ‘गरज नाही, खाज शून्य.’ तेव्हा बळवंतला मी दंडावरची गांध दाखवली. तो म्हणाला, “ही अंगावर आहे, कागदावर नाही.”

हे सगळे हसून सोडले असते. पण माझे यजमान, जयसिंहराव, दीड वर्षापूर्वी लकव्याने उजव्या अंगाने लुळे पडले. त्यांना उठवणे-बसवणे माझ्याकडे आहे. मुलगा-सून कामावर, नात कॉलेजात. गेल्या मंगळवारी आपली सरस गोळी घेऊन मी त्यांच्या पलंगाजवळ खुर्चीत शांत राहिले. त्यांना बाथरूमला जायचे होते, ते एकटेच उठायला गेले आणि पलंग नि भिंतीच्या मध्ये पडले. दीड वाजता गरिमा आली तेव्हा “आजी उठ, आजोबा गिर गए” हे तिला तीनदा ओरडावे लागले. कपडे ओले, कोपर सोललेले, आणि मी हाताच्या अंतरावर. हा लाभ आपल्या अहवालात राहून गेला आहे.

त्या दिवसापासून मी ‘अ’ बंद केली आहे. अंग पेटते. खडबडीत टॉवेल घेऊन बसते, पण डोळे उघडे असतात.

तरी माझे अकरा शून्य खोडून तिथे ‘रुग्ण झोपली होती’ असे लिहावे आणि मला ‘ब’ द्यावी. उरलेल्या एकोणतीस जणांनाही एकदा, ते जागे असताना विचारावे.

हे नियमात बसत नसेल, तर रोज अकरा ते दोन आपला एक माणूस आमच्या घरी बसवावा. यजमानांना उठवताना उजवा हात ओढू नये, डाव्या काखेत हात घालावा. ‘बाबा’ म्हटलेले त्यांना खपत नाही, इंगळेसाहेब म्हणावे. उशाशी पितळी घंटी ठेवली आहे, पण तिच्या भरवशावर राहू नये. मंगळवारी ती का वाजवली नाही म्हणून मी विचारले, तर म्हणाले, “सहा वर्षांनी तू न खाजवता झोपली होतीस.” ते हाक मारणार नाहीत. आपल्या माणसाने त्यांच्या तोंडाकडे बघत बसावे.

आपली, खाजवीत का होईना, जागी असलेली,

द्वारकाबाई जयसिंहराव इंगळे
(अंगठा नाही, सही आहे)

दिनांक : २२ सप्टेंबर २०२५

सोबत :
१. माझ्या कागदाची नक्कल. माझी शाई निळी, बळवंतची काळी.
२. गरिमाने मोबाईलवर काढलेले पाठीचे चार फोटो, वेळेसह.
३. ‘अ’च्या उरलेल्या नऊ गोळ्या. बळवंतला न्याहारीनंतर द्याव्यात.